पावती नसलेले आठ हजार

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीच्या चार पानी पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे वय त्रेचाळीस, यजमान सरकारी नोकरीत, मुलगी दहावीला. सत्तावीस वर्षांचा धाकटा भाऊ किनारपट्टीवरच्या एका हॉटेलची गाडी चालवत असे. फेब्रुवारीत एका बंगल्यातील चोरीच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि तेव्हापासून तो कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. ताई त्याला दरमहा दीड हजार रुपयांची मनीऑर्डर करतात. जूनमध्ये त्यांना एका अनोळखी माणसाचा फोन आला. ‘मी तुमच्या भावाच्या बराकीत होतो, आता सुटलो आहे. त्याने आत सुखाने राहावे असे वाटत असेल तर महिन्याला आठ हजार या नंबरवर टाकत जा,’ असे तो म्हणाला. तेव्हापासून ताई ते पैसे पाठवत आहेत. त्यासाठी बचत गटातून कर्ज घेतले आणि दोन बांगड्या गहाण पडल्या. यजमानांना मनीऑर्डर माहीत आहे आणि ती पसंत नाही. ‘त्याने केले, त्याने भोगावे, चोराला वर खर्ची कशाला?’ असे ते म्हणतात. फोनवाल्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नाही. पेडण्याला माहेरी म्हातारी आई रोज एकच विचारते, तो जेवला असेल का. ताईंचे प्रश्न तीन आहेत: आठ हजार बंद केले तर भावाला आत मार बसेल का? तुरुंगातल्या माणसाला पैसे पाठवणे मुळातच चूक आहे का? आणि दिवाळीला थोडे जास्त पाठवावेत का?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तो फोनवरचा माणूसच डोक्यात राहिला. दुसऱ्या वेळी तिसऱ्या पानाच्या तळाशी, आईच्या गुडघेदुखीच्या आणि मुलीच्या शिकवणीच्या मध्ये, एक ओळ दिसली: ‘ऑगस्टमध्ये जामीन मंजूर झाला, पण तीस हजार कुठून आणायचे, म्हणून तो विषय तिथेच राहिला.’ तुमच्या तीन प्रश्नांत या ओळीला जागा मिळालेली नाही. तरीही उत्तराची सुरुवात मी तिथूनच करणार आहे, कारण तुमचा भाऊ आज ज्या दाराच्या आत बसला आहे ते दार न्यायालयाने दोन महिन्यांपूर्वी उघडून दिलेले आहे.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाच महिने, दरमहा ८,००० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये होतात, आणि जामिनाची रक्कम आहे ३०,०००. हा हिशेब तुम्हाला बोचावा म्हणून मांडलेला नाही. घाबरलेला माणूस समोर जो हात पसरतो त्याच्या हातावर आधी ठेवतो, आणि न्यायालय काही फोन करून मागत नाही. मात्र हे तीस हजार ‘आणायचे’ असतात, हे तुम्ही धरून चालला आहात आणि बहुतेक घरे तेच धरून चालतात. ते आधी तपासून पाहू.

वकिलांकडून जामिनाच्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि समोर बसवून तिचा अर्थ समजावून घ्या. त्यात ‘तीस हजारांचा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ अशा अर्थाची अट असेल, तर आज कोणालाही तीस हजार रोख मोजायचे नाहीत. जातमुचलका म्हणजे तुमच्या भावाने दिलेली लेखी हमी, की मी प्रत्येक तारखेला हजर राहीन. जामीनदार म्हणजे त्या हमीमागे उभा राहणारा दुसरा माणूस. भाऊ तारखांना आला नाही, पळून गेला, तर ती रक्कम न्यायालय जामीनदाराकडून वसूल करू शकते, आणि तो नियमित येत राहिला तर जामीनदाराचा एक पैसाही जात नाही. न्यायालय पाहते ते एवढेच की हा माणूस खरा आहे, त्याचा पत्ता खरा आहे आणि वेळ आली तर तेवढी रक्कम भरण्याची त्याची ऐपत आहे. त्यासाठी नोकरदाराचा पगाराचा दाखला, बँकेतील मुदत ठेवीची पावती, जमिनीचा फॉर्म एक-चौदाचा उतारा, पंचायतीच्या घरपट्टीची पावती, मामलेदाराकडचा सॉल्व्हन्सीचा (ऐपतीचा) दाखला अशांपैकी काही कागद लागतात. नेमके कोणते चालतील ते त्या न्यायालयाच्या पद्धतीवर असते, म्हणून कचेरीच्या पायऱ्या चढण्यापूर्वी वकिलांना विचारा. पेडण्याचे घर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल आणि वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कायदेशीर वाटणी, झालेली नसेल, तर त्या घराच्या कागदांमागे लागून वेळ घालवू नका. नातेवाइकांपैकी कोणाची तीस-चाळीस हजारांची मुदत ठेव असेल तर ते काम बरेच सोपे होते.

जामीनदार मिळतच नसेल तर हमीऐवजी रोख रक्कम न्यायालयात जमा करण्याची परवानगी मागता येते. खटला संपल्यावर, अटी पाळल्या गेल्या असतील तर, ती परत मिळते. परत मिळवताना मात्र जमा केल्याची पावती पुढे करावी लागते आणि खटले वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा ती पावती भाजीच्या पिशवीत राहणार नाही याची काळजी घ्या.

आणि हेही जमले नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी नेमक्या तुमच्या भावासारख्या माणसांसाठी, म्हणजे जामीन मिळूनही आत राहिलेल्यांसाठी, निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. सचिवांनी कैद्याशी बोलायला माणूस पाठवायचा आणि त्याच्या घरच्या आर्थिक स्थितीचा अहवाल करून घेऊन तो अटी सैल करण्याच्या विनंतीसह न्यायालयापुढे ठेवायचा, असा मार्ग त्यात आखलेला आहे. महिना उलटूनही जामीनपत्र सादर झाले नाही तर न्यायालय स्वतःहून प्रकरण हाती घेऊन अट बदलण्याचा विचार करू शकते. तुमच्या बाबतीत एक सोडून दोन महिने झाले. कागदावर असलेली व्यवस्था आपोआप हलते असे समजण्याइतकी मी भोळी नाही. पण तुमच्या वकिलांनी या निर्देशांचा आधार घेऊन रक्कम कमी करण्याचा किंवा अट शिथिल करण्याचा अर्ज केला, तर तो हवेतला अर्ज ठरणार नाही.

वकिलांची फी थकली म्हणून ते फोन घेत नाहीत, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. तुमचे यजमान सरकारी नोकरीत आहेत, म्हणून भावाला मोफत वकील मिळणार नाही, हा समज चुकीचा आहे. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. प्राधिकरणांचा १५१०० हा क्रमांक देशभर चालतो, आणि कारागृहातूनही भावाला स्वतः अर्ज करता येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी एक योजनाही सुरू केली आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत तीत होती. भ्रष्टाचार, आर्थिक अफरातफर, अमली पदार्थ आणि दहशतवादविरोधी कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळले आहेत. चोरीचा आरोप त्या यादीत नाही. प्राधिकरणात गेलात की या योजनेचेही विचारा.

एक मात्र कटाक्षाने टाळा. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीशी ‘जामीनदार पाहिजे का’ असे विचारणारे लोक भेटतात. पैसे घेऊन कोणाच्याही मागे उभे राहणाऱ्या अशा माणसाचे कागद खोटे निघाले, तर भावाचा जामीन तर जाईलच, शिवाय एक नवे प्रकरण अंगाला चिकटेल.

आता त्या फोनकडे वळते. त्या माणसाबद्दल तीन शक्यता मला दिसतात. पहिली, तो तुरुंगात कधी गेलेलाच नाही. अटकेच्या बातम्यांतून नाव-गाव उचलायचे, घरचा नंबर शोधायचा आणि भीती विकायची, हा धंदा चालतो. दुसरी, तो खरोखर आत होता आणि आतल्या कोणा दांडग्याच्या वतीने वसुली करतो. तिसरी तुम्हाला आवडणार नाही, पण ती लिहिली नाही तर मी अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल: भावानेच त्याला तुमचा नंबर दिला असेल. आत पत्त्यांचे, तंबाखूचे किंवा त्याहून वाईट कशाचे देणे झाले असेल आणि तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटून त्याने दुसऱ्याला पुढे केले असेल. तिन्हींमध्ये तुम्ही करायची गोष्ट बरीचशी सारखीच असली, तरी मनाची तयारी वेगवेगळी लागते.

आठ हजार बंद केल्यावर भावाला काहीही होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण चालू ठेवल्यावर काही होणार नाही, अशी हमी तो फोनवाला तरी कशाच्या जोरावर देतो? जूनमध्ये त्याने ‘एकदाच’ म्हटले होते, असे तुम्हीच लिहिता. सप्टेंबरमध्ये चवथीच्या खर्चाने तुम्हाला चार दिवस उशीर झाला तेव्हा त्याने दिवसाला तीन फोन केले. जो देतो त्याच्याकडेच पुन्हा मागितले जाते, आणि ज्याच्या घरून बिनबोभाट पैसे येतात तो कैदी आत सगळ्यांना ठाऊक होतो. संरक्षण म्हणून पाठवलेल्या या पैशाने त्याच्या डोक्यावर किंमत लिहिली जात असेल, या शक्यतेचा विचार तुम्ही अजून केलेला नाही.

तरीही उद्याच तोडून टाका असे मी म्हणणार नाही. आधी माहिती योग्य ठिकाणी पोहोचवा आणि मग हात आखडता घ्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याचा नंबर, फोन आलेल्या तारखा आणि मोबाइलवरून पाठवलेल्या पाचही रकमांचे स्क्रीनशॉट एका जागी काढून ठेवा. हे सारे वकिलांना दाखवा आणि त्यांना भावाची भेट घ्यायला सांगा. तुरुंगातल्या मुलाखतीच्या, म्हणजे घरच्यांच्या भेटीच्या, खिडकीपाशी मागेपुढे माणसे असतात, घड्याळाकडे लक्ष असते, आणि तुम्ही ‘तुला कोणी मारते का?’ असे विचारलेत तर तो ‘नाही’ म्हणूनच सांगेल. वकिलाची भेट वेगळी असते. कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी तिसऱ्या कोणाच्या उपस्थितीशिवाय बोलता यावे, ही काळजी १८९४ च्या कारागृह कायद्यानेही घेतली आहे. भाऊ त्या माणसाला ओळखतो की नाही, हे तिथे कळेल.

धमकीत तथ्य आहे असे निघाले, तर वकिलांनी भावाच्या सुरक्षिततेसाठी थेट न्यायालयात अर्ज करावा. आपण ‘न्यायालयीन कोठडी’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात वाचतो पण त्याचा अर्थ मनावर घेत नाही. तुमचा भाऊ न्यायालयाच्या आदेशाने आणि न्यायालयाच्या जबाबदारीवर तिथे आहे. त्याला वेगळ्या बराकीत ठेवा, त्याची वैद्यकीय तपासणी करा, अधीक्षकांकडून अहवाल मागवा, असे आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. अधीक्षकांनाही लेखी पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा खंडणीचा गुन्हा आहे. तेव्हा पोलिसांत तक्रार कधी करायची हे वकिलांशी बोलून ठरवा, पण करायचीच नाही असे ठरवू नका. तो माणूस निव्वळ भामटा निघाला तर त्या दिवशीच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. गेलेले चाळीस हजार परत येतील अशी आशा धरू नका. पुढचे आठ हजार वाचतील.

आणि तिसरी शक्यता खरी निघाली तर? भावावर ओरडून मुलाखतीची वीस मिनिटे संपवू नका. देणे किती, कोणाचे आणि कशाचे, एवढेच वकिलांमार्फत समजून घ्या. आत चोरून वस्तू पोहोचवणे हा १८९४ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तुमच्या खात्यातून गेलेल्या पैशाने तसले काही आत गेले असेल तर उद्या प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. म्हणून तुम्ही फसवले गेलात हे वेळेत नोंदवणे तुमच्या स्वतःसाठीही गरजेचे आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते. तुरुंगातल्या माणसाला पैसे पाठवणे चूक नाही, आणि लाजिरवाणे तर मुळीच नाही. शिक्षा न झालेल्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने खाणे, कपडे, अंथरूण आणि इतर गरजेच्या वस्तू, तपासणी करून आणि नियमांच्या चौकटीत, घेऊ द्याव्यात, ही तरतूद इंग्रजांच्या त्या जुन्या कायद्यातही आहे. जेवण सरकार देतेच. तुमच्या आईला हे ठामपणे सांगा की तो उपाशी नसतो. घरचे पैसे लागतात ते साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, फरसाण, चहा-साखर आणि घरी फोन अशा गोष्टींना. रोख त्याच्या हातात पडत नाही. रक्कम कारागृहाच्या ताब्यात त्याच्या नावावर जमा होते, कॅन्टीनची खरेदी त्यातून वळती होते आणि सुटताना उरलेले त्याला परत मिळते. महिन्याला किती खर्च करता येईल यालाही मर्यादा असते, त्यामुळे ढीगभर पाठवून उपयोग नसतो.

मी दहा-बारा वर्षांची असताना आमच्या घरातले एक काका सात महिने आग्वादच्या तुरुंगात होते. तेव्हा कोलवाळ नव्हते, किल्ल्यातच तुरुंग होता. वडील दर महिन्याच्या पाच तारखेला पोस्टात जायचे. मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी निरोपासाठी चार बोटे जागा असे, तीत ते लिहायचे: ‘घरी सर्व खुशाल. काळी गाय व्याली, पाडी झाली.’ त्या तुकड्यावर कधी उपदेश नसे आणि कधी प्रश्नही नसे. पोस्टाच्या पावत्या त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. काका सुटून आल्यावर घरात वाटणीचे भांडण झाले आणि ‘मला कोणी विचारले नाही’ असे त्यांच्या तोंडून निघाले, तेव्हा आजीने तो डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला आणि काही न बोलता ती आत गेली. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये बंद झाला, आता तिथे संग्रहालय आहे आणि पर्यटक फोटो काढतात. डबा अजून आमच्याकडे आहे.

तुमची दीड हजारांची मनीऑर्डर त्याच वाटेने जाते. तिला पोस्टाची पावती आहे, ती भावाच्या नावाने आणि अधीक्षकांच्या पत्त्यावर जाते, आणि ती का पाठवली हे तुम्ही कोणालाही सांगू शकता. मनीऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडते, म्हणजे दीड हजाराला पंचाहत्तर. मुलाखतीला जाता तेव्हा तिथल्या कार्यालयातच पावती घेऊन रक्कम भरता येते का, कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत, हे विचारून घ्या. फॉर्मवर भावाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि बंदी क्रमांक लिहीत जा, कारण एकाच नावाची दोन माणसे असली की रक्कम अडकते. त्याच्या खात्यावर किती शिल्लक आहे, हेही त्याला अधूनमधून विचारा. शिल्लक साठत असेल तर हजारावर या. ज्याच्या खात्यावर जास्त असते त्याच्याकडे आत मागणारेही जास्त येतात, आणि घरून आलेली वस्तू दुसऱ्या कैद्याला देणे किंवा विकणे नियमात बसत नाही.

यजमानांचे म्हणणे मी पूर्ण खोडून काढणार नाही. ‘त्याने केले’ हे वाक्य न्यायालयाने अजून उच्चारलेले नाही, हे मात्र त्यांना शांतपणे सांगायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तुमचा भाऊ दोषी ठरेल किंवा सुटेल, मला ते ठाऊक नाही आणि यजमानांनाही नाही. पण दुसरीकडे पाहा: संसारातले पैसे त्यांना न सांगता एका अनोळखी नंबरवर जात राहिले, बांगड्या गेल्या, कर्ज झाले. हे त्यांना बाहेरून कळले तर रागाचा रोख भावावर राहणार नाही, तो तुमच्यावर येईल, आणि तेव्हा तुम्हाला उत्तर देणे कठीण जाईल. मनीऑर्डर त्यांना न आवडताही तुम्ही उघडपणे केलीत आणि घर मोडले नाही, हे लक्षात घ्या.

त्यांना सांगताना आठ हजारांपासून सुरुवात करा आणि स्क्रीनशॉट समोर ठेवा. नवऱ्याला सांगायचे म्हणजे माफी मागायची, असे धरून बसू नका. तुम्ही एका धमकीला बळी पडलात आणि आता घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचे डोके तुम्हाला हवे आहे, एवढेच ते आहे. जामिनाचे त्याच बैठकीत काढू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग आदेशाची प्रत दाखवा. सरकारी नोकराचा पगाराचा दाखला जामीनदारासाठी चांगला कागद असतो, हे तुमच्याही लक्षात आले असेल. पण ती सही मागताना जबाबदारी खरी आहे हेही त्यांना स्पष्ट सांगा: मेहुणा तारखेला आला नाही तर तीस हजार त्यांच्याकडून वसूल होऊ शकतात. ते नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. त्याचा अर्थ ते तुमच्या माहेराचे वैरी आहेत असा होत नाही. मामा, चुलते, गावातला शेजारी, भावाचा जुना मालक, असे विचारण्याजोगे दुसरेही आहेत. माझा अंदाज विचाराल तर जो माणूस ‘खर्ची कशाला’ म्हणतो तो कधी कधी ‘सुटत असेल तर सुटू दे एकदाचा’ म्हणायला तयार असतो, कारण खर्ची दर महिन्याची आणि सही एकदाची.

आठ हजार थांबले की त्यातून बांगड्या सोडवा आणि कर्ज फेडा. गहाणाचे आणि बचत गटाचे व्याज ताडून पाहा, जे जड असेल ते आधी.

अशी पत्रे मला याआधीही आली आहेत, म्हणून इतर घरांसाठी दोन गोष्टी जाता जाता लिहिते. ज्यांचा माणूस शिक्षा भोगत आहे त्यांनी पैसे पाठवण्याआधी त्याच्या कामाच्या मजुरीचे विचारावे. सक्तमजुरीच्या कैद्याला कामाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच म्हटले आहे. आणि गोव्यात कामाला येऊन इथे अडकलेल्या परप्रांतीयांच्या घरच्यांची खरी अडचण असते ती गोव्यातला जामीनदार आणण्याची. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते आणि न्यायालयांनी शक्यतो तशी अट घालू नये, असे २०२३ च्या त्याच निर्देशांत लिहिले आहे. आपल्या वाडीत भाड्याने राहणाऱ्या एखाद्या कुटुंबावर ही वेळ आली असेल तर त्यांना हे सांगा. त्यांच्यापर्यंत हे मराठी सदर पोहोचायचे नाही.

राहता राहिली दिवाळी. जास्त पाठवू नका, तेच दीड हजार पाठवा. तुमच्या हातचे पोहे त्याला कॅन्टीनमध्ये मिळणार नाहीत आणि वरच्या पाचशे रुपयांनी ते मिळतील असेही नाही. ते पाचशे झेरॉक्स, दाखल्याची फी आणि म्हापशापर्यंतच्या बसभाड्यासाठी बाजूला ठेवा. दिवाळीच्या दिवसांत कोर्टाची आणि मामलेदार कचेरीची कामे रेंगाळतात, म्हणून आदेशाची प्रत या आठवड्यातच मागा. आणि एकदा आईला मुलाखतीला घेऊन जा. गुडघ्यांमुळे कोलवाळपर्यंत येणे होत नसेल तर सरकारच्या ई-मुलाकात या सोयीतून व्हिडिओवर भेट मागता येते. मुलगी दहावीला आहे, अर्ज ती भरून देईल. आईचे मूळ ओळखपत्र आणि भावाचा बंदी क्रमांक जवळ ठेवा, आणि तो जेवला का हे आईला त्यालाच विचारू द्या.